तोंडातला शब्द तपासला, नदीवरची तार कोण तपासणार?

बकरी ईद २०२५ मध्ये ७ जूनला, शनिवारी झाली. परळ, लालबाग, माझगाव, दादर, गिरगाव या भागात राहणारी आपली कितीतरी कोकणी मुस्लिम कुटुंबं नेहमीप्रमाणे रायगडातल्या आपापल्या गावी गेली होती. आम्हीही गेलो होतो. कुर्बानी पहिल्याच दिवशी उरकली, वाटे पोचते झाले आणि रविवारी ८ तारखेला आमच्या दोन गाड्या परतीला लागल्या. माणगाव गेलं, इंदापूर गेलं आणि कोलाड जवळ आलं तसा मागच्या सीटवरून गलका सुरू झाला. शाळा १६ तारखेला उघडणार, मग काही मिळणार नाही, एकदाच नदीवरून जाऊ द्या!

नदी म्हणजे कुंडलिका. तिच्या काठावरच्या कॅम्पांत आता राफ्टिंगसोबत झिपलाइन असते. एका काठावरच्या मचाणावरून दुसऱ्या काठापर्यंत पोलादी तार ताणलेली, कमरेला पट्टा, पट्ट्याला कप्पी, आणि खाली वाहतं पाणी. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा खेळ. पण मोबाइलमधल्या रीलमुळे हा खेळ आज परळच्या चाळीतल्या मुलालाही ठाऊक आहे आणि नागपाड्याच्या मुलीलाही. मोठ्यांनी कुरकुर केली आणि शेवटी गाड्या वळवल्या.

मचाणावर विशीतला एक मुलगा होता. जवळच्याच गावचा. त्याने आमच्या बारा वर्षांच्या भाचीचा पट्टा आवळला, हुक अडकवला, ओढून पाहिला आणि सवयीने "बिस्मिल्लाह" म्हणाला. म्हणाला आणि थबकला. आमच्याकडे पाहिलं. भाचीचा स्कार्फ, मागे उभ्या असलेल्या भाभींचे बुरखे दिसले तसा ओशाळं हसला. "तुम्ही आहात म्हणून बरं. एप्रिलपासून आम्हाला सांगून ठेवलंय, माणूस सोडताना तोंडातून काही काढायचं नाही. 'रेडी' म्हणायचं आणि सोडायचं."

आम्ही विचारलं, ही तार शेवटची कधी तपासली? त्यावर तो म्हणाला, "ते मालकांना माहीत."

मुलं सुखरूप पलीकडे गेली, अल्हम्दुलिल्लाह. गाडीत बसल्यावर मात्र त्या दोन वाक्यांनी आमची पाठ सोडली नाही. एका कोवळ्या पोराने तोंडातून काय काढायचं याचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. ज्या तारेवर आमची भाची लटकणार होती, तिचा नियम कुणालाच ठाऊक नव्हता. आम्हालाही नाही. काउंटरवर "जोखीम माझी" अशा अर्थाचा कागद न वाचता सही करून दिला, पैसे भरले आणि रांगेत उभे राहिलो.

त्याच रविवारी, मनालीत

त्याच ८ जूनला मनालीत नागपूरचं एक कुटुंब सुट्टीवर होतं. त्यांची मुलगी झिपलाइनवर असताना आधार तुटला आणि ती सुमारे ३० फूट खाली दगडांवर कोसळली. तिचंही वय बाराच्या आसपास. पायाला गंभीर दुखापत झाली. त्या प्रसंगाचा व्हिडिओ आठवडाभराने देशभर फिरला, तेव्हा आम्हाला कळलं की आमची भाची पलीकडच्या काठावर हात हलवत होती तेव्हा महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका मुलीवर काय गुदरलं होतं. सुरक्षेची पुरेशी व्यवस्था नव्हती, अपघातानंतर लगेच मदत मिळाली नाही, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं आहे.

पुढच्याच रविवारी, १५ जूनला, मावळात तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. त्याआधी जानेवारीत पुणे-सातारा रस्त्यालगतच्या एका पार्कमध्ये कुटुंबासोबत आलेली २८ वर्षांची तरुणी झिपलाइनच्या मचाणावरून खाली पडून मरण पावली. तारेवर जायच्या आधीच, हुक लावताना तिचा तोल गेला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्याच जानेवारीत गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट, दोघंही गेले.

सहा महिन्यांतल्या या चार बातम्या. प्रत्येक वेळी दोन दिवस चर्चा झाली, एखादा गुन्हा नोंदला गेला, आणि पुढच्या शनिवार-रविवारी त्याच रांगा लागल्या. आम्ही त्या रांगेतलेच, म्हणून हे लिहितो आहोत.

पहलगामची तार

त्या मुलाला एप्रिलपासून गप्प राहायला का सांगितलं असेल, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार केलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा होते. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. धर्म विचारून माणसं मारली. ज्या घरांतले कर्ते गेले त्या घरांचं दुःख आपलंच आहे. त्या शुक्रवारी, २५ एप्रिलला, जुम्याच्या नमाजला देशभरातले मुसलमान काळ्या फिती बांधून उभे राहिले ते त्यासाठीच.

बैसरनमध्येही झिपलाइन होती. हल्ला सुरू झाला तेव्हा गुजरातचा एक पर्यटक तारेवर होता आणि स्वतःचा व्हिडिओ काढत होता. त्याला सोडणाऱ्या स्थानिक मुस्लिम कामगाराच्या तोंडून "अल्लाहु अकबर" निघालेलं त्या व्हिडिओत ऐकू आलं. काही दिवसांनी व्हिडिओ बाहेर आला आणि टीव्हीवर खटला उभा राहिला. त्याला आधीच माहीत होतं का? तो सामील होता का?

आमचं म्हणणं इथे नीट समजून घ्यावं. २६ जीव गेल्यावर तपास यंत्रणांनी त्या ठिकाणी हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारणं योग्यच आहे. एनआयएने त्या कामगारालाही बोलावलं, चौकशी केली. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून देवाचं नाव निघावं तसे ते शब्द निघाले, असं सूत्रांच्या हवाल्याने नंतर छापून आलं. तपास तपासाच्या जागी झाला. पण टीव्हीचा निकाल त्याआधीच लागला होता, आणि त्याची शिक्षा हजारो किलोमीटरवर कोलाडच्या मचाणावर उभा असलेला एक पोरगा आजही भोगतो आहे. त्याचा मालक वाईट माणूस असेलच असं नाही. गिऱ्हाईक बिचकेल, कुणी व्हिडिओ काढेल, धंदा बसेल ही त्याची भीती. आपण गप्प राहायला सांगितलं म्हणजे मुलाला सांभाळलं, असंही त्याला वाटत असेल.

त्याच बैसरनमध्ये सय्यद आदिल हुसेन शाह हा घोडेवाला पर्यटकांना वाचवायला पुढे सरसावला आणि मारला गेला. तोही पर्यटनावर पोट भरणारा, तोही अल्लाहचं नाव घेणारा. हल्ल्यानंतर जम्मू-काश्मीरमधली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद झाली. घोडेवाले, टॅक्सीवाले, हॉटेलातले वेटर, झिपलाइनवरची पोरं घरी बसली. पर्यटनाच्या धंद्यात सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यात आधी संशय मिळतो आणि सगळ्यात आधी त्याचाच रोजगार जातो, हे या प्रकरणाने दाखवलं.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एका कामगाराच्या तोंडच्या दोन शब्दांची तपासणी अख्ख्या देशाने केली. ज्या तारांवर आपली मुलं रोज लटकतात, त्यांची तपासणी कोण करतं हे विचारायला कुणी स्टुडिओ उघडला नाही. झिपलाइनवर माणूस ज्याच्या हाती जीव देतो, त्याच्याबद्दल विचारण्यासारखे प्रश्न आहेतच. याला शिकवलंय का? रोज किती तास उभा असतो? साधनं बदलली जातात का? या प्रश्नांत त्याचा धर्म कुठेच येत नाही.

गरजेची तार आणि गमतीची तार

तारेवरून नदी ओलांडणं ही काही नवी करमणूक नाही. हिमालयात पूल नसलेल्या गावांतली माणसं पिढ्यान् पिढ्या दोरावरून नदी पार करत आली आहेत. नेपाळात त्याला तुइन म्हणतात. शाळेची मुलं, आजारी माणसं, भाजीच्या टोपल्या, सगळं त्यावरून जायचं. माणसं पडायची, मरायची. म्हणून २०१५ मध्ये तिथल्या सरकारने दोन वर्षांत तुइन काढून पूल बांधू असं जाहीर केलं. आपल्या कोकणात ओढ्यावर साकव असतो. पावसात तो वाहून गेला की पलीकडची वाडी तुटते. सावित्री नदीवरचा महाडचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या. आपल्या भागातली किती घरं ती रात्र अजून विसरलेली नाहीत.

जंगलाच्या शेंड्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात कोस्टा रिकात दोर आणि कप्प्या वापरल्या आणि पुढे त्यातून पर्यटकांची झिपलाइन निघाली. तिथून ती जगभर गेली, ऋषिकेशला आली, कोलाडला आली. गरजेच्या तारेवर माणूस नाइलाजाने चढतो. गमतीच्या तारेवर तो पैसे मोजून चढतो, आणि पैसे घेणाऱ्याची जबाबदारी तिथून सुरू होते.

कुंडलिकेचं आणि आपल्या गिरणगावचं नातंही जुनं आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि तिथून कुंडलिकेत येतं. टाटांचं हे वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. या धरणासाठी जमिनी गेलेल्या मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला होता. खोपोली, भिवपुरी, भिरा या तीन वीजघरांच्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या, परळ-लालबागचे भोंगे वाजले. आज गिरण्या नाहीत, तिथे मॉल आणि टॉवर आहेत, आणि त्या गिरणी कामगारांची नातवंडं त्याच पाण्यावर राफ्टिंग करायला जातात. वीजघरातून पाणी सुटतं म्हणून कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते. म्हणूनच तिथला धंदा बारमाही आहे. आणि म्हणूनच या नदीचं पाणी आभाळात ढग नसतानाही वाढू शकतं, हे तिथे पाय बुडवून बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवायला हवं.

तार चालते कशी, चुकते कुठे

परत आल्यावर आम्ही थोडी माहिती काढली. आपल्यापैकी कुणालाही कळेल इतकी ती सोपी आहे.

झिपलाइनला मोटार नसते. सुरुवातीचं टोक उंच, शेवटचं थोडं खाली. साधारण १०० मीटरला ३ ते ६ मीटर उतार. माणसाचं वजनच त्याला पुढे नेतं. वजन कमी असेल तर तो मध्येच थांबतो, जास्त असेल तर पलीकडे जोरात येतो. त्यामुळे वजनाची खालची आणि वरची, दोन्ही मर्यादा असायला हव्यात आणि त्यासाठी काउंटरवर वजनकाटा लागतो. आम्हाला कुणी वजन विचारलं नाही. आमच्यातला सात वर्षांचा मुलगा आणि नव्वद किलोचे चाचा एकाच तारेवरून, एकाच ब्रेकवर गेले.

शेवटी थांबवण्यासाठी ब्रेक हवा आणि तो चुकला तर दुसरा ब्रेक हवा. बऱ्याच ठिकाणी पलीकडे उभा असलेला माणूस हाताने दोर ओढून थांबवतो. तोच एकमेव ब्रेक असेल तर त्याचं लक्ष क्षणभर हललं तरी धडक ठरलेली. पावसात ओल्या तारेवर वेग आणि पकड दोन्हींचा अंदाज बदलतो. जोराचा वारा किंवा विजा असतील तर तार बंदच ठेवावी लागते.

पट्ट्यापासून कप्पीपर्यंत दोन वेगवेगळे जोड हवेत, एक सुटला तरी दुसरा धरेल असे. पट्टा कापडी असतो. उन्हाने, घामाने, घासण्याने तो आतून कुजतो, वरून दिसत नाही. चांगल्या कंपन्या अशा कापडी साधनांना साधारण १० वर्षांची कमाल मर्यादा देतात, आणि रोजच्या वापरात त्याआधीच ती बाद करायला सांगतात. पोलादी तारेची एकेक काडी तुटायला लागते, गंज चढतो, टोकाला तार धरून ठेवणारे क्लॅम्प ढिले होतात. म्हणून रोज सकाळी पाहणी, ठरावीक काळाने जाणकाराची तपासणी आणि दोन्हींची लेखी नोंद हवी. युरोपात दोरांच्या अशा खेळांसाठी ईएन १५५६७ हे स्वतंत्र मानक आहे. साहसी पर्यटनाच्या सुरक्षा व्यवस्थेचं आयएसओ २११०१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ पासून आहे.

आणि मचाण विसरू नका. लोकांना भीती वाटते ती मधल्या पाण्याची. पण पुण्याजवळचा अपघात मचाणावर झाला. वर चढल्यावर हुक लावेपर्यंतची दोन मिनिटं माणूस कशालाच बांधलेला नसतो. कठडा किती उंच आहे आणि वर गेल्या गेल्या सुरक्षेचा दोर लावतात का, हे आधी पाहायचं.

कायदा आहे, दिसत नाही

महाराष्ट्रात नियम नाहीत असं नाही. राज्याच्या पर्यटन विभागाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे तिन्ही प्रकारचे उपक्रम त्यात येतात. असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. प्रशिक्षित माणसं, योग्य साधनं, बचावाची तयारी हे सगळं त्यात अपेक्षित आहे. संचालनालयाचं कार्यालय आपल्या दक्षिण मुंबईतच, नरिमन पॉइंटला आहे.

अडचण अशी की नरिमन पॉइंटचा कागद कोलाडच्या मचाणापर्यंत पोचला की नाही, हे गिऱ्हाइकाला कळायला काही सोय नाही. उपाहारगृहात अन्न परवान्याचा नंबर लावावा लागतो. रिक्षात बॅज असतो. लिफ्टच्या आत परवाना चिकटवलेला असतो. मग ज्या तारेवर दिवसाला शेकडो माणसं लटकतात, तिच्या मचाणावर नोंदणी क्रमांक, शेवटच्या तपासणीची तारीख आणि वजनाची मर्यादा लिहिलेला एक फलक लावायला काय हरकत आहे? त्याला खर्च किती? सरकारने एवढं एक बंधन घातलं आणि शनिवार-रविवारी अचानक तपासणी केली तरी निम्मा प्रश्न सुटेल.

चांगलं काम करणारे कॅम्पवाले आहेत. त्यांच्यावर याने अन्याय होणार नाही, उलट त्यांचा फायदा होईल. दोन ब्रेक, नवे पट्टे, प्रशिक्षित मुलं यांना पैसे लागतात. शेजारचा जुन्या साधनांवर शंभर रुपये कमी घेतो आणि गर्दी तिकडे वळते. गर्दी म्हणजे आपणच. चार कुटुंबं मिळून घासाघीस करतो तेव्हा तो पैसा शेवटी पट्ट्यातून आणि पोराच्या पगारातूनच कापला जातो.

आणि ती सही? "जोखीम माझी" असं लिहून घेतलं म्हणजे चालक हात झटकू शकतो, हा गैरसमज आहे. निष्काळजीपणाची जबाबदारी अशा कागदाने संपत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पैसे देऊन घेतलेली सेवा सदोष असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. घटना रोह्यात घडली म्हणून रायगडच्या खेपा मारायला नकोत. मुंबईचा जिल्हा ग्राहक आयोग परळच्या पुरवठा भवनात बसतो, लालबागहून चालत जाण्याच्या अंतरावर. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या सेवेला शुल्कही नाही. आधी सल्ला हवा तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आपल्या घरातली गोष्ट

आता थोडं आपल्याबद्दल. ३० जून २०२४ चा रविवार आठवा. पुण्याच्या सय्यदनगर भागातलं एक मुस्लिम कुटुंब लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यावर गेलं होतं. पाणी अचानक वाढलं. एक बाई आणि चार मुलं, एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली, वाहून गेली. तो व्हिडिओ पाहिलेल्या आयांना तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.  २०२५ मध्ये पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि पुन्हा धबधब्यांच्या रील सुरू झाल्या.

आपली कुटुंबं एकत्र, मोठ्या संख्येने फिरतात. दादी-नानीपासून तान्ह्या बाळापर्यंत. ही चांगली गोष्ट आहे. पण त्यात "सगळे आहेत ना" म्हणून प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्यावर असतं. मुलांकडे पाहायचं काम एका माणसावर नावाने सोपवायला हवं.

मुलींबद्दलही बोलू. आमच्या गाडीत चर्चा झालीच, मुलींनी हे करावं का? आमचं मत, करावं. पोहणं, घोडेस्वारी, धावणं याला आपल्याकडे कधी मनाई नव्हती. आमच्या भाचीच्या चेहऱ्यावर पलीकडे पोचल्यावर जे होतं ते आम्ही तिच्याकडून काढून घेऊ इच्छित नाही. पण कपड्यांचा विचार आधीच करून निघावं. ओढणी, बुरख्याचा घेर, मोकळा स्कार्फ, मोकळे केस कप्पीत अडकले तर गळ्याला फास बसतो. अंगाबरोबरचा लांब कुर्ता, खाली सलवार किंवा पँट, आणि पिना न लावता डोक्याला घट्ट बसणारा, टोकं कपड्याच्या आत खोचलेला हिजाब, त्यावर हेल्मेट. यात पडदाही राहतो आणि जीवही. पट्टा मांड्यांतून जातो, तो बांधायला बाईमाणूस आहे का, हे फोनवरच विचारावं. आम्ही गेलो तिथे नव्हती. भाभींनी आपल्या हाताने पट्टे बांधले आणि त्या मुलाने लांबून ओढून पाहायला सांगितलं. त्याने अदब राखली, पण तपासणी अर्धवट झाली. ही जबाबदारी त्याच्यावर टाकणं चूक होतं. जवळच्या गावांतल्या मुलींना हे काम शिकवलं तर त्यांना रोजगार मिळेल आणि आपल्यासारख्या कुटुंबांची अडचण दूर होईल.

"अल्लाह मालिक आहे" हे वाक्य आपल्या ओठांवर असतं आणि असावं. पण आपल्याला शिकवण मिळाली आहे ती आधी उंट बांधायची आणि मग भरवसा ठेवायची. पट्टा न तपासता बिस्मिल्लाह म्हणणं हा तवक्कुल नव्हे, तो आळस आहे.

जाण्यापूर्वी काय विचारायचं

निघण्याआधी फोनवर: पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का, विमा आहे का, वजनाची आणि वयाची मर्यादा काय, पट्टा बांधायला महिला आहे का. पोचल्यावर: शेवटच्या तपासणीची वही दाखवा. दोन जोड आणि दोन ब्रेक आहेत का ते स्वतः पाहा. आपल्या आधी गेलेला माणूस कसा थांबतो ते बघा, धडपडत की अलगद. मध्येच अडकलेल्या माणसाला कसं ओढून आणतात ते विचारा. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? १०८ ला फोन लागेल एवढी रेंज आहे का? रोहा आणि माणगावला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, त्यांचा रस्ता चालकाला ठाऊक असू द्या. उत्तर टाळलं तर परत फिरा. भरलेले पैसे गेले तरी चालतील. मुलं दोन तास रुसतील, नंतर हसतील.

एक विनंती गावाकडच्या आपल्या जमातींना आणि तरुण मंडळांना. रोहा, माणगाव, म्हसळा, महाड पट्ट्यातली आपली मुलं आखाताच्या विमानाची वाट पाहत बसलेली असतात. नदी दारात आहे, धंदा दारात आला आहे. दोरांचं काम, पाण्यातला बचाव, प्रथमोपचार यांचं रीतसर प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलं तर तेच मुलगे उद्या मचाणावरचे मजूर न राहता जबाबदार प्रशिक्षक होतील. शेजारच्या आदिवासी वाड्यांतल्या, हिंदू घरांतल्या मुलांना सोबत घेऊन हे करावं. नदी सगळ्यांची आहे.

परत आल्यावर आम्ही त्या कॅम्पला फोन केला. नोंदणी क्रमांक आणि तपासणीची तारीख विचारली. "पाठवतो" म्हणाले. दोन आठवडे झाले, अजून आलेलं नाही. आम्ही पुन्हा विचारू. त्या मुलाबद्दलही सांगितलं, की त्याने काम मनापासून केलं, हुक दोनदा ओढून पाहिला, आणि तो बिस्मिल्लाह म्हणाला म्हणून आम्हाला काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. तुम्ही जाल तेव्हा तुम्हीही असं सांगा. आणि त्याच वेळी वही मागा.